मदतीची वही



अंकासाठी कविता पाठव, असा तुमचा निरोप मिळाला. कविता पाठवत नाही. त्याऐवजी एका संध्याकाळचा हिशोब पाठवतोय. गाणी, कविता आणि हसवणूक यांची ती संध्याकाळ. रविवार, ५ फेब्रुवारी २०२३. रमाई जयंतीच्या दोन दिवस आधी आमच्या विहाराच्या ओट्यावर झाली. चारशेक माणूस होतं. पैशाचा हिशोब पुढं देतोच. पण त्या रात्री एक गोष्ट मी करायची होती आणि केली नाही, तिचाही हिशोब द्यायचा आहे.

आमची वस्ती सूतगिरणीच्या मागच्या अंगाला. हातकणंगले तालुका. माणगाव आमच्यापासून लांब नाही. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढं केलं आणि हा तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरगंही ही गोष्ट सांगतं. पण बापाचं नाव गिरणीच्या मस्टरवर आहे का नाही, हे त्याच पोराला विचारलं तर गप्प बसतं. बापालाच माहीत नसतं.

मी त्या गिरणीत ठेक्यावरचा डॉफर आहे. रिंग फ्रेमवरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, एवढंच काम. आठवीत शाळा सुटली. पुढची शाळा रातपाळीनंतर वाचनालयाच्या बाकड्यावर झाली. अण्णाभाऊ गिरणीत राबले, नारायण सुर्वे गिरणीत राबले, वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरं शिकले, हे वाचलं तेव्हा वाटलं, मग आपल्यालाबी जमंल. तेव्हापासून लिहितोय. शुद्धलेखन अजून बरोबर येत नाही. राग मात्र बरोबर येतो.

आमच्या गाण्याच्या पार्टीत एक ढोलकीवाला आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. वय चौतीस. कार्डिंगला कामाला. कार्डिंग म्हणजे पिंजलेल्या कापसाचा पेळू करणारं मशीन. आत बारीक तारांच्या दातांचे रूळ गरागरा फिरतात. डिसेंबर २०२२, दुसरी पाळी. मशीनखाली कचरा साठलेला. कव्हर काढून ठेवलेलं. मशीन बंद केलं की माल कमी निघतो, म्हणून चालू मशीनखालचा कचरा काढायला सांगितलं. दादानं हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकडं.

त्याला आधी कामगार विम्याच्या खिडकीवर नेलं. खिडकीवरच्या माणसानं विमा नंबर विचारला. नंबर नव्हता. त्याच्या यादीत दादाचं नावच नव्हतं, तो तरी काय करणार? अडीच वर्षं दर महिन्याला दादाच्या पगारातून विम्याचे म्हणून नव्वद रुपये कापले जात होते. ते गेले कुठं, हे विचारायला आम्ही ठेकेदाराच्या ऑफिसला गेलो. खुर्चीच्या मागं बाबासाहेबांचा मोठा फोटो, फोटोला ताजा हार. ठेकेदार आपलाच माणूस, दोस्तहो. जय भीम म्हणूनच बोलायला सुरुवात केली. म्हणाला, "हा माणूस आमच्याकडं कामाला नव्हता. कुणाला तरी भेटायला खात्यात आला असेल. तरी माणुसकी म्हणून काही लागलं तर सांगा." गिरणीच्या ऑफिसात गेलो. तिथं सांगितलं, ठेक्यावरच्या माणसांचं ठेकेदाराला विचारा.

मधल्या काळात रक्त वाहत होतं. खासगी दवाखान्यात घातलं. बिल झालं एक लाख बारा हजार.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा बाकीच्या कामगारांना चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. आज आमच्या गिरणीत मला कुठल्याही खात्यात पाठवतात. उलट जिथं धूळ जास्त आणि धोका जास्त, तिथं आधी पाठवतात. खात्याचं दार उघडं झालं. मस्टरचं दार मात्र बंदच आहे.

*

विहारात बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, मदतीचा कार्यक्रम करू. पार्टी आपली, माइक भाड्यानं, विहाराचा ओटा फुकट.

सगळ्यात आधी वहिनी बोलली. दादाची बायको. ती कोपऱ्यात उभी होती. "करा," म्हणाली, "पर मी स्टेजवर पदर पसरून उभी ऱ्हाणार न्हाई. माझा नवरा मेल्याला न्हाई. त्येनं चोरी क्येली न्हाई. त्यो कामावर व्हता." एवढं बोलली आणि बसली. बैठकीत चाळीस माणसं होती, मी धरून तीन कवी होते. एवढं स्वच्छ कुणीच बोललं नाही.

दुसरा वाद ढोलकीचा. ढोलकीवालाच दवाखान्यात, मग वाजवणार कोण? माझ्याबरोबर रिंग फ्रेमवर एक मांगाचं पोरगं आहे. पलीकडच्या वस्तीतलं. हलगी अशी वाजवतं की ऐकणाऱ्याच्या पायाला मुंग्या येतात. तो स्वतःहून म्हणाला, मी येतो, पैसे नकोत. मी बैठकीत सांगितलं, तर जुन्या माणसांची तोंडं आंबट झाली. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या बापजाद्यांनी ढोर वढायचं सोडलं, गावकीची कामं सोडली, वाजवायचं सोडलं. आन् आता विहाराच्या वट्यावर हलगी?" त्याचं खोटं नव्हतं. फुकट वाजवायला लावायचे, वर मिरवणुकीत पुढं चालवून देवळाबाहेर थांबवायचे. ते सोडायला आपल्या माणसांनी मार खाल्लाय.

तेव्हा नाना बोलला. नाना म्हणजे आमच्या वस्तीचा सोंगाड्या. वय त्रेसष्ट. दाढी पांढरी, डोळे पोराचे. तो मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातला नाना एक. गावी आला तो परत गेला नाही. नाना म्हणाला, "हलगीचा गुन्हा काय? फुकट वाजवून घेणाऱ्याचा गुन्हा. ह्ये पोरगं आपल्या मर्जीनं आपल्या सोबत्यासाठी वाजवतंय. त्येला नगं म्हणायचं आसंल, तर अण्णाभाऊंचा फोटूबी भिताडावरनं काढा."

फोटो काढायला कोण उठणार? वाद मिटला.

तिसरा प्रश्न ठेकेदाराला बोलवायचं का. आम्ही पोरं म्हणालो, अजिबात नाही. पण आधीच त्याचा निरोप आला होता, की अकरा हजार देतो, स्टेजवर येऊन देतो. एक लाख बारा हजारांच्या बिलापुढं अकरा हजार नको म्हणायची आमची ऐपत नव्हती. वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, "येऊ द्या. पैसा त्येच्या घरचा न्हाई."

त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढं लागला.

*

आता कार्यक्रम.

पोलिसांनी माइक दहाच्या आत बंद करायचा म्हणून लिहून घेतलं होतं. साडेसहाला सुरू केलं. तिकीट नव्हतं. ओट्याच्या पायरीशी टेबल, टेबलावर वही, वहीजवळ कॉलेजात जाणारं एक पोरगं. जो पैसे देईल त्याचं नाव लिहायचं. पहिल्या पानावरच घोळ झाला. आमच्या वस्तीत एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं तीन-तीन, चार-चार. मग पोरानं नावापुढं खातं आणि पाळी लिहायला सुरुवात केली. रिंग फ्रेम, तिसरी पाळी. ब्लोरूम, पहिली पाळी. तरी दोन माणसं सारखीच निघाली, तेव्हा किती साली लागलास तेही लिहिलं. मग पुढचेही म्हणायला लागले, त्याचं लिहिलंस, माझंबी लिही. पोरगं वैतागलं होतं. पण लिहीत गेलं.

पहिल्यांदा बायकांनी ओव्या म्हटल्या. रमाईच्या आणि भीमाच्या. त्या ओव्यांना पुस्तक नाही, कवी नाही. चौघींतल्या दोघींना सही करता येत नाही. माइकसमोर उभ्या राहिल्यावर आवाजच फुटेना. हसल्या, पदर तोंडाला लावला. मग एकीनं माइककडं पाठ केली आणि जात्यावर बसल्यासारखं डोळे मिटून सुरू केलं. सगळा ओटा गप्प झाला.

मग पार्टीची गाणी. हलगीवाल्या पोरानं पहिल्या दोन गाण्यांना हात राखून वाजवलं. चोरट्यासारखं. तिसऱ्या गाण्याला बैठकीत आडवा आलेला तोच म्हातारा पुढच्या रांगेतून ओरडला, "आरं, जरा जोरात वाजीव की, का जेवला न्हाईस?" पोरगं हसलं. मग जे वाजवलं ते मला लिहिता येत नाही.

एका पोरानं नकला केल्या. एसटीचा कंडक्टर, भाषण करताना नाव विसरलेला पुढारी, पाळी सुटायच्या भोंग्याचा आवाज. भोंग्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. एका कॉलेजातल्या मुलीनं कविता वाचली. तिची आई पहाटे उठून दुसऱ्याच्या घरी भाकरी थापायला जाते, आणि घरी येऊन पोरांना पाव खायला घालते, अशी. कविता कच्ची होती. पण तिची आई समोर बसली होती आणि मान खाली घालून ऐकत होती. मला तेवढ्यात कवितेचं मोल कळलं.

आठ वाजता ठेकेदार आला. पांढरी पँट, दोन माणसं बरोबर. पुढची खुर्ची मिळाली. शाल तयार होती. माझी कविता त्याच्यानंतर लगेच होती. यादीत तसंच लिहिलं होतं, आणि यादी मीच केली होती.

कविता खिशात होती. तिच्या तीन ओळी इथं देतो, बाकी सोडा:

मस्टरात नाव नव्हतं म्हणता,
मग जी बोटं मशीननं खाल्ली
ती कुणाच्या हाताची होती, साहेब?

मी उठणार तेवढ्यात आई मागून आली. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण माझ्या खिशात काय आहे ते तिला नेहमी कळतं. कानाशी म्हणाली, "त्येनं अजून पैसं दिलं न्हाईत. तू वाचशील आन् त्यो उठून जाईल. मग वैनीला काय सांगशील? आन् उद्या गेटवर तुला कोण आत घेईल?"

दोस्तहो, मी बसलो. निवेदन करणाऱ्याला खूण केली, मला मागं टाक. त्यानं नानाला पुढं बोलावलं.

*

तुम्हाला आंबेडकरी जलशांचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशातली बतावणी घेतली, सोंगं घेतली, आणि त्यात पाण्याचा, शाळेचा, जातीचा प्रश्न घातला. त्यांच्याआधी सत्यशोधकांचे जलसे होतेच. मी हे पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

नाना एका हाताला फडकं गुंडाळून आला. समोर एक पोरगं, डोळ्यावर चष्मा, पुढ्यात पत्र्याचा डबा. डबा म्हणजे खिडकी.

पोरगं म्हणतं, "नाव?"

नाना म्हणतो, "हाय की."

"काय हाय?"

"नाव हाय."

"मस्टरला हाय का?"

"मस्टरला न्हाई. आईनं ठेवल्यालं हाय."

लोक हसायला लागले. पोरगं म्हणतं, "मस्टरला न्हाई म्हंजे तू कामावर नव्हतास."

"मग कुठं व्हतो?"

"घरी व्हतास."

"मग बोटं कुठं गेली?"

"बोटं कामावर गेली असतील."

"व्हय बाबा," नाना म्हणतो, "लई कामाची बोटं. मला घरी ठिवून एकटीच पाळीला जायाची. पगार मातर माझ्याच नावानं आणायची, नव्वद रुपये कापून."

ओटा हादरला. ठेकेदारही हसत होता. पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला हसावंच लागतं. नानानं फडकं गुंडाळलेला हात वर केला आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आवाज एकदम मऊ.

"साहेब, ह्या खिडकीवाल्याला खरं वाटंना. तुमी मोठं माणूस. तुमीच सांगा, आमचा ढोलकीवाला कुणाचा माणूस?"

चारशे माणसं बघत होती. हातात पाकीट, समोर शाल. ठेकेदार उठला, नानाच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, "आमचाच माणूस आहे! अडीच वर्षं आमच्याकडं कार्डिंगला आहे. आमच्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही."

टाळ्या. हलगी कडाडली. पोरांनी मोबाइल वर धरलेले होतेच.

नाना वाकून म्हणाला, "मग साहेब, वहीत तसंच लिवा. न्हाईतर लोक म्हणतील, पैसं दिलं पर कुणासाठी दिलं ते कळंना."

ठेकेदारानं वहीत लिहिलं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं. आमचे कार्डिंगचे कामगार यांच्या उपचारासाठी मदत, रुपये ११,०००. खाली सही. मग शाल घेतली, फोटो काढला, नऊच्या आत निघून गेला.

माझी कविता मी पावणेदहाला वाचली. ठेकेदार गेल्यावर. अर्धी माणसं उठली होती, माइकवाला वायरी गुंडाळायला लागला होता. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात. आपण विद्रोहाची कविता लिहितो, दोस्तहो. ती कुणासमोर वाचली, हे कवितेखाली लिहायची पद्धत नाही. असायला पाहिजे. माझ्या त्या कवितेखाली मी लिहून ठेवलंय: साहेब गेल्यावर वाचली.

*

रात्री ओट्यावरच पैसे मोजले. झोळीत १४,८७० रुपये. दुकानदार आणि वस्तीतली घरं मिळून ९,५००. गिरणीतल्या एकसष्ट कामगारांचे वहीवर ८,६५०. ठेकेदाराचे ११,०००. एकूण ४४,०२०. माइक आणि लाइट ४,५००, चहा-चिवडा १,२६०. उरले ३८,२६०. दुसऱ्या दिवशी हिशोब लिहून विहाराच्या दारावर चिकटवला.

बिल एक लाख बारा हजार. आमची सगळी गाणी, सगळ्या कविता, सगळं हसू मिळून बिलाचा तिसरा हिस्सा निघाला. बाकीचं वहिनीनं बचत गटातून कर्ज काढलं आणि कानातलं मोडलं.

तेव्हा वाटलं, एवढंच का? मग वाचनालयात बसून कायदा काढला. समजायला चार रात्री लागल्या. तेव्हा १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा चालू होता. त्या वेळी एकवीस हजारांपर्यंत महिना पगार असलेला कामगार विम्यात यायचा. कामगाराचा हिस्सा पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. दादाचा पगार बारा हजार. म्हणजे त्याचे नव्वद आणि मालकाचे तीनशे नव्वद. महिन्याला चारशे ऐंशी रुपये भरायचे होते. तीस महिन्यांचे १४,४०० झाले. ते भरले नाहीत. आणि अकरा हजार देऊन शाल घेतली. दोस्तहो, हिशोब करा. त्यानं दान दिलंच नाही. बुडवलेल्यातलं परत केलं, तेही ३,४०० रुपये कमी. पैसा त्येच्या घरचा न्हाई, हे वहिनीला कायदा न वाचता कळलं होतं.

त्या कायद्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, ठेकेदाराकडून काम करून घेतलं तरी हप्ता भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची. दुसरी, मालकानं हप्ता भरला नाही म्हणून कामगाराचा हक्क मरत नाही. तो माणूस खरंच कामावर होता, एवढं दाखवता आलं की त्याला लाभ देऊन मालकाकडून वसूल करता येतं. कामावर अपघात झाला असेल तर किती महिने हप्ता भरला, हेही बघायचं नाही. दुखापतीच्या काळात पगाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पैसे मिळायचे.

दाखवता आलं पाहिजे. मस्टर नाही, हजेरी कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. कशानं दाखवणार?

मी आणि ते कॉलेजातलं पोरगं एकमेकांकडं बघत बसलो. मग त्यानं पिशवीतून वही काढली.

एकसष्ट नावं. खातं, पाळी, काहींपुढं लागल्याचं साल. जे गिरणीच्या ऑफिसात कुणी कधी लिहिलं नव्हतं, ते आमच्या मदतीच्या वहीत होतं. आणि सातव्या पानावर ठेकेदाराचं हस्ताक्षर: आमचे कार्डिंगचे कामगार.

युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं अर्ज लिहून दिला. वहीची झेरॉक्स जोडली, मोबाइलवरची चित्रफीत जोडली. एकसष्टपैकी बावीस जणांनी साक्षीला सह्या दिल्या. एकोणचाळीस जणांनी दिल्या नाहीत, त्यांना मी बोलणार नाही. शंभर रुपये देणं आणि सही देणं यातलं अंतर मी त्या रात्री खुर्चीवर बसून मोजलंय. या वेळी मी पहिली सही केली. त्याचं कौतुक नको. कविता वाचायची राहिली होती, म्हणून केली.

तपासणी आली, जबाब झाले. ठेकेदार म्हणाला, मी भावनेच्या भरात लिहिलं. तपासणाऱ्यानं विचारलं, कार्डिंग हा शब्द भावनेत कसा आला? सात महिने गेले. दादाचं नाव मागच्या तारखेनं विम्यात लागलं, दुखापतीच्या काळाचे पैसे आले. मेडिकल बोर्डासमोर दोनदा हात दाखवला, मग महिन्याला थोडी रक्कम सुरू झाली. फार नाही. पण ती आणायला वहिनीला कुणाची शाल धरावी लागत नाही. ठेक्यावरच्या इतर बऱ्याच जणांचीही नावं त्या वर्षी विम्यात लागली. मला दोन महिने गेटवरनं परत पाठवलं, तेही हिशोबात धरा.

एक गोष्ट राहून गेली. त्या रात्री आम्ही ठेकेदाराला हसलो. गिरणीचा मालक कार्यक्रमाला आलाच नव्हता, आणि त्याचं नाव ना गाण्यात आलं, ना कवितेत, ना नानाच्या बतावणीत. आपल्यातलाच एक माणूस मध्ये उभा करायचा, म्हणजे आपलं हसू आणि आपला राग त्याच्यावरच संपतो. पहिली जबाबदारी कायद्यानं ज्याची, तो घरी झोपला होता. पुढच्या जलशात त्याचं सोंग पाहिजे.

*

नानाला मी नंतर विचारलं, "नाना, तुम्ही ठरवून लिहून घेतलं का हो त्याच्याकडनं?"

नाना तंबाखू मळत होता. म्हणाला, "मला काय कळतंय कायद्यातलं? मी सोंगाड्या." चिमूट दाढेला धरली. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मुंबईला माझं नाव मस्टरात व्हतं बग. म्हणून ब्याऐंशी साली मी संपावर गेलो. नाव नसल्याला माणूस संपावर जात न्हाई. त्यो नुसता घरी जातो."

दोस्तहो, तुमच्या वस्तीतही असे कार्यक्रम होतात. कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुणाच्या फीसाठी, कुणाच्या मयतीनंतर. करत राहा. गाणी म्हणा, कविता वाचा, लोकांना हसवा. फक्त पायरीशी एक वही ठेवा, आणि नावापुढं खातं, पाळी, लागल्याचं साल लिहून घ्या. एक चांगल्या अक्षराचं, वैतागलं तरी लिहीत राहील असं पोरगं तिथं बसवा.

दादा आता डाव्या हातानं ढोलकी वाजवायला शिकतोय. ताल अजून चुकतो. हलगीवालं पोरगं शेजारी बसून त्याला सांभाळून घेतं. पुढचा कार्यक्रम ठरला की कळवतो. यादी मीच करणार आहे. कोण पाहुणा येतो ते बघून माझी कविता त्याच्यासमोर ठेवली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.